योहानभाऊंचा गुरुवार

योहानभाऊ भिंगारदिवे यांची आणि माझी ओळख एका खिळ्यामुळे झाली. नारायणगावात जमीनदार तात्यांच्या गाळ्यांमध्ये माझं पाईप-फिटिंगचं दुकान नुकतंच सुरू झालं होतं. शेजारचा गाळा रिकामा होता. एके सकाळी पंचेचाळिशीचे, पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ काउंटरसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शेजारी आलोय. मोटर रिवायंडिंगचं काम करतो. आपल्या मधल्या भिंतीत मला पाटी टांगायला एक खिळा मारायचाय, तुमची हरकत नाय ना? अन् मी काम करताना गातो. त्याचा तरास व्हणार आसंल तर आत्ताच सांगा."

भिंत माझ्या बापाची नव्हती, तात्यांची होती. खिळा मारायला नारायणगावात आजवर कोणी कोणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. या माणसाला माझ्याकडून काहीतरी हवं आहे, एवढं मी त्याच क्षणी ठरवून टाकलं. घरी गेल्यावर सौ.ला म्हणालो, याच्या पोटात काय आहे ते कळायला पाहिजे. ती म्हणाली, "खिळा मारायचा असेल."

योहानभाऊंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी त्यांचा सर्वांत जुना शेजारी म्हणून मी लिहावं, असा समितीचा निरोप आला तेव्हाही मी पहिल्यांदा हाच विचार केला की मलाच का? माझा स्वभाव संशयी आहे, हे जुन्नर-आंबेगावात माझ्याशी व्यवहार केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. दूधवाल्यासमोर मी दूध हुंगतो. लग्नपत्रिका आली तर आपल्याला का बोलावलं याचा दोन दिवस विचार करतो. असा माणूस गौरवलेख लिहितो म्हणजे त्याने तीस वर्षं तपासणी केली आहे, असं वाचकांनी समजावं.

आधी त्यांच्या कामाबद्दल लिहितो. जळलेली मोटर दुकानात आली की भाऊ तिला आधी कापडाने पुसून घेत. मग जळकी तार उपसायची, खाचा साफ करायच्या, कागद बसवायचा आणि तांब्याच्या नव्या तारेची कॉइल हाताने वेढे देत भरायची. इतर कारागीर वेढे मोजतात. भाऊ मोजत नसत, गात असत. त्यांच्या चर्चमधल्या गाण्यांच्या चाली त्यांनी वेढ्यांना बसवल्या होत्या. कुठल्या मोटरीला कुठलं गाणं आणि किती कडवी, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. मधेच कोणी बोललं तर ते गाणं न थांबवता नुसती मान हलवत आणि कडवं संपलं की उत्तर देत.

हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. हिंदू शेतकऱ्यांच्या विहिरीत उतरणाऱ्या मोटरीवर हा माणूस येशूची गाणी का म्हणतो, असा प्रश्न मला पडला आणि तो मी एकट्यापुरता ठेवला नाही. नाताळात त्यांच्या पत्नी रूथबाई यांच्याकडून फराळाची पिशवी यायची. पहिली दोन वर्षं मी त्या करंज्यांना हात लावला नाही. सौ.ने सगळ्या खाल्ल्या आणि तिला काही झालं नाही, तेव्हा तिसऱ्या वर्षी मी अर्धी खाल्ली.

खिळ्यावरच्या त्या पाटीविषयीही सांगायला हवं. पाटीवर रोज तीन नावं लिहिली जात. दिवसाला तीन मोटरी घ्यायच्या, चौथी नाही. तिसरं नाव लिहून झालं की भाऊ खडू खिशात टाकत. लोणीचा शेतकरी एवढ्या लांबून जीपमध्ये मोटर घालून आला तरी तिला दुसऱ्या दिवशीचा नंबर. संध्याकाळी सहाला कुलूप. रविवारी बंद. आणि दर गुरुवारी दुपारी एकला हातपाय धुऊन, स्कूटरला किक मारून ते निघून जात, ते दिवेलागणीला परत. सीझनमध्ये बाकीचे कारागीर डोळे तांबारेस्तोवर काम करत असताना हा माणूस रोज सहाला हसतमुखाने घरी जायचा. काम करून दमलेला माणूस मला समजतो. काम करून आनंदी दिसणारा माणूस काहीतरी लपवतोय, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं.

एकदा चहा पिताना मी आडून विचारलं की भाऊ, तुम्हाला याचा कंटाळा कसा येत नाही? त्यांनी सांगितलं ते मला जसंच्या तसं आठवतं. "तरुणपणी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला बोलावलं. म्हणले, योहान, तुला देवाचं पाचारण हाय, तू पाळक हो. मी लई प्रार्थना केली. त्याच आठवड्यात आमच्या वस्तीवरची मोटर जळाली. पाच-सहा दिवस बाया लांबून पाणी आणत व्हत्या. मी ती उघडली, बघून बघून भरली. पाटाला पाणी आलं तवा मला रडूच आलं. पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं, पाचारण हाय, पण मोटरींचं हाय." मी म्हणालो, मग देवाने बोलावलंय तर तीनच का करता? दहा करा. ते म्हणाले, "ज्यानं बोलावलं त्यानं मला दोनच हात दिलेत, दत्तूशेठ. तीन मोटरी मी गात करतो. चौथी करताना मी शिव्या देतो. करून पाह्यलंय."

उत्तर सुंदर होतं, म्हणूनच मला ते तयार केलेलं वाटलं. राहता राहिला गुरुवार. त्याचा छडा लावायचं मी ठरवलं.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी मी दुकान सौ.वर सोपवून मोटरसायकलने त्यांच्या मागे निघालो. मंचर गेलं, घोडेगाव गेलं. स्कूटर डोंगराच्या दिशेने चालली तसा माझा संशय पक्का होत गेला. तिकडे आदिवासी वाड्या आहेत, गरीब लोक आहेत. आता सापडला, असं मी मनात म्हणत होतो. डिंभे धरणाच्या फुगवट्याशी, पाणी ओसरून उघड्या पडलेल्या जमिनीजवळ, भाऊंनी स्कूटर एका करंजाच्या झाडाखाली लावली. टॉवेल अंथरला. चपला काढून उशाशी ठेवल्या, डोळ्यांवर टोपी ओढली आणि ते झोपले.

मी बांधाआड तासभर उभा होतो. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. जवळच्या खाचरात एक बाई भाताच्या रोपांची जागा भाजून घ्यायला, राब भाजायला, पालापाचोळा अंथरत होती. मी तिला विचारलं, हे इथे कशाला येतात? ती म्हणाली, "त्ये व्हय? दर गुरवारी येत्यात. झोपत्यात, उठून त्वांड धुत्यात, अन् जात्यात. कुनाशी बोलत न्हाईत. आमी त्यान्ला झोपंचं पावणं म्हणतो." मग तिने मला वरून खाली न्याहाळलं आणि विचारलं, "तुमी बी झोपायला आलाव का?"

मी परत आलो. ऊन डोक्यावर घेऊन एवढा प्रवास करायचा आणि हाती काय, तर एक झोपलेला माणूस. मला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी राग आला. इतक्या मोकळेपणाने झोपायला माणसाला काहीच अधिकार नाही, असं वाटत राहिलं. आजही मला त्या रागाचं कारण नीट सांगता येत नाही, पण मी आयुष्यात कधी दुपारी तसा झोपलेलो नाही, हे त्यात असावं.

पुढच्या महिन्यात, एका शनिवारी दुपारी, पिंपळवंडीला आमच्या विहिरीवरची मोटर जळाली. शेती माझा धाकटा भाऊ सुरेश बघतो. टोमॅटोचा प्लॉट फुलावर होता आणि ऊन मी म्हणत होतं. मी स्वतः मोटर घेऊन शेजारी गेलो. पाटीवर तीन नावं होती. "भाऊ, माझी आहे," मी म्हणालो. त्यांनी पाटीकडे पाहिलं. "आज न्हाई व्हणार, दत्तूशेठ. उद्या रविवार. सोमवारी पहिली तुमची, मंगळवारी सकाळी न्या." लगेच ते पुढे म्हणाले, "माझ्याकडं जुनी पाच हॉर्सची हाय. चालू हाय. ती घेऊन जावा तवर. सहाला दुकान लावलं की मी सोता पिंपळवंडीला येतो अन् उतरवून देतो."

इथे माझा स्वभाव आडवा आला. जुनी मोटर माझ्या विहिरीत का घालतोय हा? उद्या ती बंद पडली की माझ्याच गळ्यात मारणार, असा हिशोब मी केला आणि नको म्हणालो. त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा नको म्हणालो.

मंगळवारपर्यंत फुलं गळाली होती. वरचा अर्धा प्लॉट करपला. सुरेशने विचारलं, "दादा, भिताडाला भिताड लागून दुकान हाय तुमचं, अन् तुझी मोटर त्यानं करून दिली न्हाई?" मी म्हणालो, नाही दिली. जुन्या मोटरीचं मी त्याला सांगितलंच नाही. ते त्याला या पानावर वाचूनच कळेल.

आता जे लिहितो आहे ते लिहिण्यासाठीच मी हा लेख स्वीकारला. त्या आठवड्यात मी तात्यांना एक निनावी पत्र लिहिलं. योहान भिंगारदिवे मोटरींवर मंत्र म्हणतात, आणि दर गुरुवारी डोंगरात जाऊन भोळ्या लोकांना बाटवतात, असं त्यात होतं. डावीकडे कललेलं अक्षर काढलं, लोणीला माल पोचवायला गेलो होतो तिथल्या पेटीत टाकलं. डोंगरात ते काय करतात हे, त्या राब भाजणाऱ्या बाईची वाडी सोडली तर, मला एकट्यालाच माहीत होतं. तरीही मी ते लिहिलं.

चार दिवसांनी तात्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. तात्या जुने जमीनदार, सरळ माणूस, पण गावात आपल्या नावाने काही चर्चा नको, एवढं त्यांना फार. त्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. "दत्तू, तू शिकलेला हायेस. मला लेकानं वाचून दाखवलंय, पण योहानला बी ऐकू दे. मोठ्यानं वाच."

माझं पत्र मी योहानभाऊंसमोर मोठ्याने वाचलं. मला ते पाठ होतं. पाठ असल्याचं कळू नये म्हणून मी मुद्दाम अडखळत वाचलं, एका शब्दाशी तर थांबून हा शब्द लागत नाही असंही म्हणालो. भाऊ मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत होते. मोटरीत कुठे शॉर्ट आहे ते ऐकताना ते जसा कान द्यायचे, तसाच कान त्यांनी माझ्या खोट्याला दिला.

"गाणं म्हणतो हे खरं हाय, तात्या," ते म्हणाले. "गाणं बंद केलं तर येढे चुकतील. मोजायला मला जमत न्हाई."

"अन् गुरवारी?"

"जातो. डिंभ्याच्या पाण्याकडं."

"कशाला?"

"झोपायला."

"येवढ्या लांब झोपायला कोण जातं, योहान?"

"हितं झोपलो तर लोक उठवत्यात. मोटर जळाली म्हणत्यात. पाटी दाखवून न्हाई म्हणता येतं, पण झोपंतनं उठवल्यावर माझ्याच्यानं न्हाई म्हणवत न्हाई. देवानं काम दिलंय तसा इसावा बी दिलाय, तो घ्यायला मला लांब जावं लागतं."

"तुमाला तिथं झोपलेलं कुनी पाह्यलंय का? येक माणूस सांगा. मी पत्र फाडून टाकतो."

योहानभाऊ जरासे हसले. "कोण बघणार, तात्या. अन् बघितलं तरी मला कसं कळणार, मी झोपलेलो असतो."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. सहज पाहिलं असेल. शेजारी म्हणून काही बोलतोय का, एवढंच त्यांना हवं असेल. मी पाहिलंय, तासभर उभा राहून पाहिलंय, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण मग तू तिकडे कशाला गेला होतास, हा प्रश्न आला असता, आणि त्याच्या मागोमाग पत्र कोणी लिहिलं तेही आलं असतं. मी बशीतला चहा संपवला. तात्या म्हणाले, महिनाअखेर गाळा मोकळा करा, तुमच्याविषयी माझ्या मनात काही नाही.

बाहेर पडल्यावर भाऊ माझ्यासोबत रस्त्यापर्यंत चालत आले. म्हणाले, "वाचताना तुमचा आवाज बसला व्हता, दत्तूशेठ. घसा दाखवून घ्या." त्यांना समजलं होतं का? की त्यांना खरोखरच माझ्या घशाची काळजी वाटली? इतक्या वर्षांत मी याच्या दोन्ही बाजूंनी शेकडो वेळा विचार केला. माझा निकाल लागत नाही.

योहानभाऊ पंचावन्नच्या पुढे गेले होते. त्या वयात त्यांनी गावाबाहेर रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकली आणि चार उन्हाळे तिच्यात काढले. पत्रा तापायचा, वार्निशच्या वासाने डोकं धरायचं. रूथबाई मला एकदा बाजारात म्हणाल्या की यांच्या पाठीवर घामोळं इतकं उठलंय की सदरा घालवत नाही. मी काकडी निवडत राहिलो. काहीतरी निमित्त काढून मी शेडवर जायचो, खरं तर बघायला जायचो, आता तरी यांचं तोंड उतरलंय का. आतून गाणं ऐकू यायचं. तीनच मोटरी, सहाला बंद, गुरुवारी स्कूटर. एकदा मी न राहवून म्हणालो की तात्यांनी तुमच्यावर अन्याय केला. ते म्हणाले, "गाळा तात्यांनी दिला व्हता, त्यांनी घेतला. काम त्यांनी दिलं नव्हतं." आणि ज्याची मोटर दुरुस्त व्हायची त्याला पाईप, नळ, व्हॉल्व्हसाठी ते माझ्याच दुकानात पाठवत राहिले. गिऱ्हाईक येऊन सांगायचं, योहानभाऊंनी धाडलंय. दर वेळी मला वाटायचं की हे मुद्दाम चाललंय, मला आतून सोलून काढायला.

पुढे त्यांचं स्वतःचं दुकान झालं, आपण सगळे ते ओळखता. त्यानंतर माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. आठ दिवस दुकान बंद राहणार होतं. भाऊंनी सौ.कडून किल्ली घेतली आणि सकाळचे दोन तास माझ्या काउंटरवर बसले. त्यासाठी त्या आठवड्यात त्यांनी पाटीवर दोनच नावं लिहिली. मी बरा होऊन आलो आणि वाचकहो, मी सगळा माल मोजला. एल्बो, युनियन, सॉकेट, सगळं. काही कमी नव्हतं. दोन एल्बो जास्त निघाले, तेव्हा मला पुन्हा शंका आली. नंतर कळलं, एका गिऱ्हाइकाने ते परत आणून दिले होते आणि भाऊंनी चिठ्ठी लिहून डब्यात ठेवली होती. चिठ्ठी डब्याच्या तळाशी सापडली. त्या दिवशी मी दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन रडलो. इतकं तपासूनही या माणसात काही सापडत नाही आणि आपल्यात न तपासताच सापडतं, याचं ते रडू होतं.

मी धर्माने आणि स्वभावाने त्यांच्यापासून लांबचा माणूस आहे. पाचारण म्हणजे काय हे मला आजही पुरतं कळत नाही. पण आपलं काम कोणीतरी विश्वासाने आपल्या हातात दिलं आहे, असं मानणारा माणूस ते कसं करतो, हे मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे. तो गात करतो, झेपेल तेवढंच करतो आणि वेळ झाली की हात धुतो. मी सकाळी आठपासून रात्रीपर्यंत दुकान उघडं ठेवलं, ऑपरेशन सोडलं तर एक दिवस सुट्टी घेतली नाही, आणि त्यातला बराच वेळ शेजाऱ्यावर नजर ठेवण्यात घालवला. आमच्या दोघांत जास्त काम कोणी केलं, हे मला आता विचारू नका.

हा मजकूर वाचून संपादकांचा फोन आला. ते म्हणाले, पत्राचा भाग गौरवग्रंथात शोभत नाही, तेवढा काढू या. मी सांगितलं की तेवढाच ठेवा आणि बाकीचा काढा. तात्या आज नाहीत. त्यांनी एक माणूस मागितला होता, तो त्यांच्यासमोरच बसला होता. तेव्हा सर्वांसमक्ष लिहून देतो: त्या एप्रिलच्या गुरुवारी योहान भिंगारदिवे डिंभ्याच्या पाण्याजवळ करंजाच्या झाडाखाली झोपले होते. त्यांनी कोणाला बाटवलं नाही. मी पाहिलं. पत्र मी लिहिलं.

योहानभाऊ, हे तुम्ही समारंभाच्या दिवशी पुस्तक हातात आल्यावरच वाचाल. तोंडाने सांगायचं धैर्य मला झालं नाही. परमेश्वर तुम्हाला उदंड आयुष्य देवो, हात-डोळे शाबूत ठेवो, गळा गाता ठेवो. माझं एकच मागणं आहे. तुमच्या स्वभावाप्रमाणे तुम्ही मला लगेच क्षमा करून मोकळे व्हाल, तसं करू नका. आधी चांगले रागवा. चार उन्हाळे रागवा. लगेच मिळालेल्या क्षमेवर माझा विश्वास बसणार नाही.